चौकी दिलीत, पोलीस नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, दानशूर उद्योजक माननीय कृष्णकांतशेठ. त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले मान्यवर, ज्यांच्या ड्रायव्हरांना आज आमच्या वस्तीचा रस्ता विचारत यावं लागलं. सत्कारमूर्ती हवालदार शोभाताई. आणि पुढच्या सोफ्यांमागे दाटीवाटीनं बसलेल्या मिठागर वस्तीच्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो, सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी मुश्ताक. वस्तीच्या तोंडाशी माझं कापडाचं दुकान आहे, आणि मोहल्ला कमिटीचा मी सचिव आहे. निवेदकांनी मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. दोनच हवे होते, तर दुसऱ्या कुणाला तरी उठवायला हवं होतं.

शोभाताई येण्याआधी आमच्याकडे पोलीस यायचा तो गाडीतून, आणि जायचा तो कुणाला तरी घेऊन. ताई चालत आल्या. घरकामाला जाणाऱ्या आमच्या हौसाच्या ओट्यावर बसल्या. नळावरची भांडणं तिथंच मिटायला लागली. दारू पिऊन बायकोवर हात टाकणारे ताईंना बघून गल्ली बदलायला लागले. आम्ही खात्याकडे अर्ज केला, ताईंना बसायला एक चौकी द्या. उत्तर आलं, तरतूद नाही. शहरात चौकाचौकात कारंजी उडवायला तरतूद असते. गरिबाच्या दारात एक पोलीस बसवायला नसते. कारंजं मत देतं का हो?

मग शेठ धावून आले. लोखंडी कंटेनर, पंखा, खिडकी. त्यावर शेठचं नाव एवढं मोठं, की ‘पोलीस’ हा शब्द शोधायला चष्मा लागायचा. आम्ही टाळ्या वाजवल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगाच नाही.

पुढं काय झालं? खांदा कॉलनीत शेठच्या टॉवरमध्ये एका घरातून बांगड्या गेल्या. शेठ गाडी घेऊन थेट चौकीत आले. मी तिथंच उभा होतो. म्हणाले, “वस्तीतल्या जेवढ्या बाया माझ्या बिल्डिंगमध्ये कामाला येतात, सगळ्या इथं रांगेत उभ्या करा. झडती घ्या, अंगठे घ्या.” हौसाही त्यांतलीच. ती दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून.

ताई म्हणाल्या, “लेखी तक्रार द्या. संशय कुणावर आहे ते नाव लिहा. त्या एकीला मी विचारीन, तिच्या घरी, शेजारणीसमोर. रांग लागणार नाही.”

“मॅडम, ही चौकी मी दिली आहे.”

“चौकी दिलीत, शेठ. पोलीस नाही दिलात.”

दुसऱ्या दिवशी क्रेन आली आणि चौकी उचलून घेऊन गेली. दान केलेली वस्तू परत नेणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दुकान टाकण्याआधी मी कुवेतला नोकरीत वर्षं काढली, तिथल्या अरबानंही असं केलं नव्हतं. शेठ, आपण हसताय. हसा, हसा, फोटोग्राफर समोरच आहे.

ताई परत ओट्यावर येऊन बसल्या. आणि दोनेक दिवसांनी आमच्या वेणूआजी त्यांच्यासमोर आल्या. आजींचा मुलगा काशिराम त्याच टॉवरमध्ये लिफ्टच्या दुरुस्तीला जायचा. आजींनी कमरेचं फडकं सोडलं. आत बांगड्या.

“बाय, तांदलाच्या डब्यात गावल्या. माज्या पोरानंच आनल्यात. त्याला ने. पन मारू नको.”

ताईंनी विचारलं, “आजी, तुम्ही आपणहून का आलात?”

“तू आमच्या बायांना रांगंत उभं नाय केलंस, म्हनून आले.”

काशिराम आज तुरुंगात आहे. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, आणि कुणी त्याला लपवलंही नाही. बांगड्या मालकिणीला मिळाल्या. यावर शेठ काय म्हणाले? “बघा, वस्तीतलाच निघाला ना!” एका आईनं काळजाचा तुकडा कापून दिला, आणि या गृहस्थांना त्यात आपली अक्कल खरी ठरल्याचं समाधान! मग ताईंची बदली झाली. नेहमीची आहे म्हणतात. असेल बुवा. आमच्याकडे अमावास्याही नेहमीचीच असते.

आता अध्यक्षमहोदयांनी मघाशी वडिलांच्या स्मरणार्थ नवी, एसी चौकी जाहीर केली. कमिटीचं उत्तर आजच देतो. नको. पैसा कुठून आणायचा, असं मान्यवर विचारतील. जिथून खांदा कॉलनीतल्या पोलिसांचा पगार येतो, तिथून! काडेपेटी घेताना वेणूआजीही कर भरतात. तोच पैसा हवा, आमच्या हक्काचा. तो मिळेपर्यंत रोज अर्ज करू, दारात जाऊन बसू. पण ज्याच्या पंख्याखाली पोलीस बसतो, त्याच्याच हवेनं कायदा हलणार असेल, तर आम्ही घाम पुसत बसू.

हे माझं एकट्याचं मत आहे, असं कुणाला वाटत असेल, तर आजींनाच विचारतो. आजी, शेठची चौकी हवी? जरा मोठ्यानं बोला, व्यासपीठाला कमी ऐकू येतं.

ऐकलंत? “माजा पोरगा आत हाय, तरी पोलीस पायजे. पन शेटची चौकी नको.”

शोभाताई, तुम्ही जाल तिथल्या लोकांचं भलं होवो. अल्लाह तुम्हाला सलामत ठेवो. मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे आणि उभं राहून ऐकणाऱ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ताईंनी आणि वस्तीनं मोठ्या मनानं माफ करावं. व्यासपीठाकडे माफी मागत नाही. तिथं दिलेली देणगी परत घेतात, दिलेल्या माफीचंही तेच व्हायचं.