मेव्हण्याचा कोड आणि कडवे वाल

नाही, पण मला एक सांगा, चालत होती ना ती? इतकी वर्षं बिनबोभाट चालत होती ना? कोणाचा फोन आला? कोणी रडत आलं? नाही ना? मग चालत्या गाडीला खीळ घालायची हौस कोणाला होती?

गाडीचं नाही हो बोलत, स्क्रिप्टचं बोलतोय! थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी हर्षद, राहणार रामवाडी, पेण. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. आमचं सॉफ्टवेअर काय करतं? तर दुसरे लोक जो कोड लिहितात त्याच्यावर नजर ठेवतं. कोणी कुठली ओळ बदलली, कधी बदलली, कोणी मोडून ठेवली... म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचंच काम, फक्त कॉम्प्युटरवर. त्यात एक सोय आहे. समजा, तुम्ही अर्धी भाजी चिरलीय आणि दारात पाहुणे उभे. काय करता? चिरलेलं डब्यात भरता, डबा फ्रिजात, ओटा पुसून साफ, आणि पाहुणे गेले की डबा परत बाहेर. बस्स! अर्धवट काम बाजूला ठेवायचं आणि मग जसंच्या तसं काढायचं. ही सोय ज्या स्क्रिप्टवर चालायची ती स्क्रिप्ट कोणी लिहिली? मी! शेलमध्ये. शेल म्हणजे साधी भाषा हो, एकाखाली एक हुकूम... हे कर, मग ते कर, नाही जमलं तर तिथंच थांब. माझ्या बायकोलासुद्धा वाचून कळेल. तिने वाचली नाही ही गोष्ट वेगळी.

आणि एक दिवस मॅडमचा कॉल. मॅडम म्हणजे आमच्या मॅनेजर. “हर्षद, हे बघ हं, तुझी स्क्रिप्ट ना, छानच आहे...” पुण्याच्या माणसाने ‘छानच आहे’ म्हटलं की समजायचं, गेली! “...पण फार हळू चालते रे. विंडोजवर तर अगदी रडते. आपण सगळं ‘सी’मध्ये नेतोय.” मी म्हटलं, मॅडम, पण चालतेय ना? तर म्हणतात, “अरे, चालतेय म्हणून झालं का?”

चालतेय म्हणून झालं का! आयुष्यभर दुसरं काय केलं हो आपण? पेणमधला अर्धा संसार ‘चालतंय’ वर चाललाय!

बरं, मला ती ‘सी’ भाषा येत नाही अशातला भाग नाही. वाचता येतं. समोरचा गुजराती बोलला की कळतं आपल्याला, आपण बोलायला गेलो की तो हसतो, तसं. म्हणून मॅडम म्हणाल्या, “तू लिहू नकोस, तू तपास. मूळ स्क्रिप्ट तुझी, तिच्या खोड्या तुला माहीत. नवा कोड जुन्यासारखा वागतोय असं तू पास केलंस की जुनी स्क्रिप्ट काढून टाकू.” म्हटलं, आणि आमच्या शेलवाल्या टीमचं काय? “बघू.” ऐकलंत? बघू! ज्या फांदीवर बसलोय ती मीच कापायची आणि नीट कापली अशी सही पण मीच करायची.

बरं, लिहिणार कोण? निकेश! निकेश कोण? माझा मेव्हणा! आणि त्याला कंपनीत चिकटवला कोणी? तुम्हाला सांगतो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला बाहेरची मदत लागत नाही. माझी बायको सुरभी, माहेर रोह्याकडचं. वडिलांनी धाटावच्या केमिकल कारखान्यात शिफ्ट करण्यात जन्म काढला. “अहो, माझ्या भावाने पण त्या वासातच जगायचं का? बघा ना तुमच्याकडे.” बघितलं! ट्रेनी म्हणून लागला. मग त्याचं लग्न जमलं, मुलगी प्रतिक्षा, नागोठण्याची, चांगली आहे. मुलीच्या वडिलांची एकच अट, नोकरी पक्की झाली की साखरपुडा. नोकरी पक्की कधी होणार? हा कोड पास झाला की. पास कोण करणार?

...आता तुम्ही हसताय. मी नव्हतो हसत.

आला पहिला कोड. मला वाटलं, माझी स्क्रिप्ट ती केवढीशी, हा असेल दोन बोटं मोठा. छे! मारुतीचं शेपूट! वाचतोय आपला. आता ‘सी’मध्ये काय असतं, मेमरी लागली की मागून घ्यायची आणि काम झालं की परत द्यायची, लग्नाला शेजाऱ्यांकडून पातेली आणतो तशी. या पठ्ठ्याने घेतली जागोजागी, दिली कुठंच नाही. मी काही ओरडलो नाही, बोललो नाही, खाली एक ओळ लिहिली: ‘मेमरी घेतली आहे, परत केलेली नाही.’ एवढंच हो! चहा गाळतोय तोवर सासूबाईंचा फोन. “जावईबापू, आमच्या घरात शेजारची वाटी कधी राह्यली नाय! काय घेतलंन त्याने तुमचं? सांगा, मी आणून देते!” अहो, मेमरी, मेमरी! “ती काय ती असूं दे, पेणच्या बाजारात मिळत असंल ना?”

निकेशने सांगितलं सुरभीला, सुरभीने सांगितलं आईला. इकडे नेटवर्क नाही म्हणतात ना लोक? माझ्या सासरचं नेटवर्क बघा एकदा!

आणि हा रिव्ह्यू असतो चारचौघांत, अख्खी टीम वाचते. तिथं हा लिहितो काय, ‘ओके भावोजी.’ अरे, भावोजी काय? हैदराबादचा एक टेस्टर विचारतो, हे भावोजी कोण, नवीन साहेब का? झालं! त्या दिवसापासून सगळी कंपनी मला भावोजी म्हणते. भावोजी, गुड मॉर्निंग. भावोजी, प्लीज रिव्ह्यू. एका माणसाशी सोयरीक केली आणि सगळ्या भारताचा मेव्हणा झालो.

पोरगा दुरुस्त करी, मी परत खोट काढी. परत दुरुस्त, परत खोट. शेवटी म्हणाला, “भावोजी, पण चालतंय ना?” आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून, माझ्या, निघालं काय... “अरे, चालतंय म्हणून झालं का?”

शरम वाटली. पण खोट खरीच होती हो! ती मोठी चूक सांगतो, मग तुम्हीच ठरवा. डबा फ्रिजात गेला की नाही हे न बघता ह्याचा कोड ओटा पुसत होता! डिस्क भरलेली असली, ठेवायला जागा नसली, ठेवणं फसलं, तरी पुढची ओळ मुकाट्याने सगळं साफ. म्हणजे कोणाचं तरी दिवसभराचं काम ना डब्यात, ना ओट्यावर! माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं ना, नाही जमलं तर तिथंच थांब. ‘सी’ आपणहून थांबत नाही, त्याला दर पावलाला विचारावं लागतं, झालं का रे? आणि निकेश म्हणतो, “भावोजी, डिस्क भरते कधी? माझ्याकडे तर चालतंय.”

तशात पोपटीचं आमंत्रण. निडीजवळ सासऱ्यांचं शेत आहे, तिथं संध्याकाळी सगळे जमलो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या ओल्या शेंगा, अंडी, तोंड पाल्याने गच्च, मडकं पालथं आणि भोवती जाळ. वास असा सुटला होता की मी कोड, कंपनी, सगळं विसरलो होतो. आणि पाहुणे कोण? प्रतिक्षाचे वडील! सासूबाईंनी मुद्दाम बोलावलेले. निकेशने डाव साधला, सगळ्यांसमोर, “भावोजी, आज पास करून टाका ना.” सगळे माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात सासऱ्यांनी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, चर्र झालं, तेव्हा कुठे म्हणाले, “झाली, काढा.” आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, “बघ निकेश, तुझे वडील मडक्याला पण विचारतात, झालास का बाबा? आणि तू विचारल्याशिवाय लोकांचं काम पुसतोस!”

शेंगा गरम, माणसं गार. प्रतिक्षाचे वडील हळूच म्हणाले, “म्हंजे पोराच्या कामात खोट हाय?” आणि सासूबाई कडाडल्या, “जावईबापू, पोपटी खायाला आलाव का पोराला नावं ठेवायला? सुरभी गो, हा तुझा नवरा दुश्मन हाय का सोयरा?”

साखरपुडा लांबला. आणि वाल बंद झाले. हसू नका! दरवर्षी सासऱ्यांच्या शेतातले कडवे वाल गोणी भरून आमच्याकडे येतात. ज्याने त्या वालांचं बिरडं खाल्लंय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय. यंदा नाही. सुरभी सांगते, “आई म्हणाली, पीक कमी आलं.” कमी आलं? मेव्हणीकडे ठाण्याला पोचले की! आमच्या घरात रोज बटाटा. बटाट्याच्या काचऱ्या, बटाट्याचा रस्सा, आणि वर सुरभीचं तोंड फुगलेलं. एकदा ताट आपटून म्हणाली, “एक बटण दाबायला तुमचं काय जातं हो? तुम्हाला तुमची स्क्रिप्ट वाचवायचीय. म्हणून माझ्या भावाला अडवताय!”

हे मात्र लागलं. का लागलं? कारण चूक खरी होती, पण ती सापडली तेव्हा मला आनंद झाला होता, तोही खराच होता. आता ते बटाट्याच्या ताटावरून बायकोला कसं सांगणार?

दोन-चार दिवसांनी निकेश बाइक घेऊन रामवाडीला हजर. चेहरा पडलेला. “भावोजी, दाखवा नीट, कुठं काय विचारायचं.” बसलो दोघं. शेजारी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती कानशीने घासतायत, लॅपटॉपवर पांढरी धूळ, वर पंखा गेलेला... आणि पोराने, तुम्हाला सांगतो, एकेक ओळ धरून नीट केली. जिथं घेतलं तिथं दिलं. प्रत्येक पावलाला विचारलं, झालं का? मग मी मुद्दाम डिस्क गच्च भरली आणि म्हटलं, चालव. थांबला! ‘ठेवता आलं नाही’ म्हणाला आणि ओट्याला हात लावला नाही. जागा करून दिली, परत चालवला. डोळ्याचं पातं लवलं नाही तोवर काम झालं. माझी स्क्रिप्ट चालेपर्यंत मी चहा टाकून यायचो हो!

वाईट कशाचं वाटलं सांगू? चांगला होता. वाईट असता तर किती बरं झालं असतं! भांडलो असतो, अडवला असता, ताठ मानेने बटाटे खाल्ले असते. पण चांगला होता. दाबलं बटण. पास. संध्याकाळी माझी स्क्रिप्ट काढून टाकलेली. मॅडमचा कॉल, “अरे, वाईट नको वाटून घेऊ, कोडच्या इतिहासात तुझं नाव कायम राहणार!” इतिहासात! म्हणजे भिंतीवरचा फोटो. हार तेवढा घाला!

निकेशची नोकरी पक्की झाली, नागोठण्याला साखरपुडा झाला, सासूबाईंनी मला पहिला पेढा भरवला, “आमचे जावई म्हंजे देवमाणूस!” दुसऱ्याच दिवशी वालाची गोणी दारात, दरवर्षीपेक्षा मोठी. पीक वाढलं असेल अचानक.

आणि माझं काय? बघू म्हणाल्या होत्या ना, बघितलं त्यांनी. शेलवाली टीम बंद. “हर्षद, तू आता ‘सी’मध्ये लिहायला लाग. निकेशच्या हाताखाली... म्हणजे, त्याच्याबरोबर. तुझा कोड तो तपासेल.”

लिहिला. या वयात, चष्मा वर-खाली करत, जन्मातला पहिला ‘सी’ लिहिला आणि पाठवला. काल दुपारी पानावर बसलो, समोर बिरडं, वाफा निघतायत, पहिला घास उचलला आणि फोन वाजला. निकेशचा शेरा, सगळ्या टीमसमोर: ‘भावोजी, मेमरी घेतली आहे, परत केलेली नाही.’ मी घास खाली ठेवला आणि डाव्या हाताने लिहिलं, अरे, पण चालतंय ना?

उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरातून सुरभीचा आवाज, “अहो, आईचा फोन आहे. विचारतेय, जावईबापूंनी कोणाचं काय घेतलंय?” आणि इकडे फोनवर निकेशची ओळ: ‘चालतंय म्हणून झालं का?’

आता काय बोलणार? वाल त्यांच्या शेतातले. गप जेवलो.