डिझेलचा काटा

पाटसच्या स्टँडवर सोजराबाई दौंडच्या एसटीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर धरणाच्या पाण्यात प्रवासी बोट चालवणारे एक आप्पा आणि त्यांच्या गावचा सम्राट नावाचा तरुण बोलत होते. सोजराबाईंचा कान आपोआप तिकडं गेला.

"आप्पा, त्या दुसऱ्या बोटवाल्या विनोदनं त्याच्या इंजिनाला डिझेलचा काटा बसवलाय म्हणं."

"बसवू दे. आम्ही टाकीत काठी घालतो. जेवढी भिजली तेवढं डिझेल."

"चालत्या बोटीत काठी कुठं घालता? किती डिझेल उरलंय ते काटा बसल्या जागी सांगतो."

"आन् त्यापायी डिझेलची चांगली नळी कापली त्यानं. जोड ठिबकला तर खाली तापलेलं इंजिन हाय. मधी पाण्यात बोट पेटली तर माणसं जातील कुठं?"

"रोज जोड पुसून बघतो त्यो."

"बघतो! लोकबी आता त्याच्याच बोटीत बसत्यात."

"तुमची परवा मधीच बंद पडली न्हवं?"

"डिझेल संपलं. वारा सुटलेला, बाया रडाय लागल्या. त्यो आला, दोर टाकला आन् काठाला आणलं."

"लई चांगलं केलं."

"व्हय. एक शब्द बोलला न्हाई. हसला असता तरी बरं वाटलं असतं. वर आमचीच बायकू त्याला म्हणती, विनोदभाऊ, काटा दाखवा की!"

"मग आता दौंडला कशाला निघाला?"

"काटा आणायला."

"आन् जोडाचा धोका?"

"त्यो हायच. पण विनोदच्यापेक्षा मोठा काटा मिळतोय का बघतो."