परके अणू जास्त झाले

हॅलो?… हॅलो, मार्नी? मी थिया… हो, लॅबमधूनच. थँक्सगिव्हिंगच्या सुटीला दुसरं कुठं मरणार मी?… नाही गं, हीटिंगसुद्धा बंद केलंय मेल्यांनी. कोट घालून बसलेय… अगं ऐक ना, मला…

स्पीकरवर आहे? बरं… हॅलो मिसेस कॉब! तुम्हालाही शुभेच्छा… आम्ही काय करतो? सुनेनं कधी सांगितलं नाही?… सोपं आहे हो. अणूंचा ढग गार करायचा. पाण्याचा बर्फ व्हावा तसा तो एका टप्प्याला एकदम पालटतो. बाहेरून कळत नाही, म्हणून आत दुसऱ्याच मूलद्रव्याचे थोडे अणू सोडायचे. परके. त्यांची थरथर बदलली की समजायचं, ढग पालटला… हो हो, हेरच म्हणा!… जरा मार्नीला देता?

बंद केलास स्पीकर?… दार लावून घे… लाव म्हणते ना.

ढग कधी पालटतो तो आपला आलेखच चुकलाय… नाही, लेसर ठीक आहे. चुंबकही तपासला. ऐक. आज मी परके अणू निम्मे केले. पालटायचं तापमान सरकलं. अजून कमी केले, अजून सरकलं… हो, परत परत करून बघितलं!… म्हणजे काय म्हणजे? आपण इतके हेर घुसवले, की ढग त्यांच्यामुळंच पालटायला लागला. आपण आपलंच तोंड बघत होतो, बये!

रसेल म्हणाला, सिग्नल बारीक येतोय, ओता अजून. आणि आपण ओतले. बॉस म्हणाला की ओतायचे, एवढीच आपली अक्कल.

नाही, त्याला अजून नाही सांगितलं… माहीत आहे गं, मंगळवारी तुझा नव्या नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. हाच आलेख दाखवणारेस, म्हणूनच तर… नाही. बुधवारपर्यंत गप्प नाही बसणार… अगं, समोरच्यांपैकी एकानं जरी विचारलं, परके अणू किती सोडले होते, तर?… खोटं बोलशील?… बोलशील. बरं.

काय म्हणालीस?… परत म्हण.

…हो. नाहीये मला कुणी. नवरा नाही, सासू नाही, टर्की नाही. म्हणून सुटीच्या दिवशी इथं येऊन तुझी नोकरी खाल्ली. असंच ना?… अगं, ह्या इमारतीत तुझ्याशिवाय माझ्यासोबत जेवायला कोण बसलंय कधी? सांग ना!… रसेलला आधी फोन करता आला असता मला. तुला केला.

आकडे पाठवतेय. त्याला उद्या सकाळी सांगेन… मंगळवारी हेच दाखव. चूक आपली, पकडली आपणच… जाईल नोकरी? जाईलही. मी कशाला खोटं सांगू…

मार्नी?… अगं, रडू नकोस ना…

हो, ऐकू येतंय, हाका मारतायत तुला. जा, सगळे थांबलेत जेवायचे… नाही, तू ठेव आधी. मला कुठं जायचंय.