चौथ्या सेकंदाला काय?

नाही, पण मला सांगा, दोन एअरबॅगा, आणि दोन्ही पुढे! पुढे कशाला? पुढे मला काय होणार आहे? आमच्या ऐझॉलमध्ये माणूस पुढे जाऊन मरत नाही हो, पुढे जाईल तेव्हा ना! तो मरणार मागे घरंगळून. रस्ता असा... हा असा, शिडी उभी केल्यासारखा, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी घराचं छप्पर, आणि छपराखाली आणखी पाच मजले! बत्तीस वर्षं मी या गावात पायी टपाल वाटलं, भीती म्हणून वाटली नाही. गाडी घेतली, आणि भीती वाटायला लागली.

घेतली कुणासाठी? सासूबाईंसाठी. पी छुंगी, म्हणजे छुंगीआजी, वय चौऱ्याऐंशी, वजन विचारू नका. त्यांचं चर्च वर, आमचं घर खाली, आणि गुडघे मधेच कुठेतरी संपले. बायको, रोथांगी, म्हणाली, "आईचं चर्च चुकलं तर ती तुमच्या नावाने रडेल. गाडी आणा, लहान का असेना!" लहानच हवी होती, कारण आमच्याकडे आधी गाडी ठेवायची जागा दाखवायची, मग गाडी नावावर. माझी जागा घराखाली, साडेबारा फूट. मी तेवढी बांबूची काठी कापली, शोरूममध्ये नेली आणि एकेका गाडीशेजारी आडवी ठेवत फिरलो. लोक बघताहेत... बघू देत! एकच गाडी काठीपेक्षा आखूड निघाली. झालं, ठरलं. रुंदी मोजायची राहिली, तो भाग वेगळा. आता गाडी आत गेली की दारं उघडत नाहीत, मी सीटवरून रांगत डिकीच्या दारातून बाहेर येतो.

तर तिथे एक पोरगी, रिनी नावाची, तोंडाला खळ नाही. "कापू, लिटरला बावीस किलोमीटर! कापू, डिकीत दोन पोती तांदूळ!" आमच्याकडे मोठ्या माणसाला कापू म्हणतात, तिने मला तासात शंभरदा म्हटलं असेल. "आणि कापू, चढावर ब्रेकवरून पाय काढलात ना, तरी गाडी तीन सेकंद जागेवर धरून ठेवते!" मी म्हटलं, थांब पोरी. आणि चौथ्या सेकंदाला? "तोवर तुम्ही निघालेले असता, कापू." आणि नसलो निघालो तर? "निघता हो, सगळेच निघतात." मग तिने त्याच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलच्या किमती सांगितल्या, मी म्हटलं सगळ्यात स्वस्त ती दे, आणि घरी घेऊन आलो. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. जेवताना भाताचा घास हातात, आणि डोक्यात एकच... चौथ्या सेकंदाला काय?

आला रविवार. सासूबाई मागे, बायको शेजारी, माझ्या अंगावर लग्नातला सूट, आणि बरोब्बर चढाच्या मध्यावर पुढची टॅक्सी थांबली! एक आजी उतरतेय, सुट्टे शोधतेय, छत्री विसरली, परत आत वाकली... मी ब्रेक दाबला, इंजिन बंद. मागे टॅक्सी, तिच्यामागे स्कूटर, मग जीप, मग अख्खी रांग, सगळे चर्चला निघालेले.

आणि कुणी हॉर्न वाजवला नाही हो! तुमच्याकडे वाजवतात म्हणे, शिव्यासुद्धा देतात. काय भाग्यवान माणसं तुम्ही! शिवी बसली की माणसाला राग येतो, रागाच्या भरात पाय तरी चालतो. आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे लोकांच्या घरात शिरून ओरडणं. सगळे गप्प. अख्खा डोंगर गप्प! ऐकू काय येतंय, तर माझे दात.

"निघा ना!" बायको. "निघतोय!" किल्ली फिरवली, क्लच दाबला, मग अर्धा सोडला, ब्रेक सोडला... एक... दोन... तीन... आणि इंजिन पुन्हा बंद! चौथा सेकंद! गाडी सरकली हो मागे, वीतभर सरकली! मी डोळे गच्च मिटले. तेवढ्यात मागून सासूबाईंनी गाणं सुरू केलं. कुठलं? मयताच्या घरी बसून म्हणतात ते! "आई, अजून आहे मी!" मी ओरडलो. त्या आणखी वरच्या पट्टीत.

आणि गाडी थांबली. पाय ब्रेकवर नव्हता, तरी धरलं तिने! पाच, सहा, सात... तुम्हाला सांगतो, वीसपर्यंत मोजलं, हलेना! तीनदा इंजिन बंद पडलं, तीनदा धरलं, आणि चौथ्यांदा जो काही पाय दाबला तो थेट चर्चच्या दारात.

मग आठवडाभर मी काय बढाया मारल्या म्हणता! "तीन सेकंद सांगतात, वीस धरते! या किमतीत!" शनिवारी केळ्यांचा घड घेऊन रिनीकडे गेलो, आभार मानायला. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "कापू... ती सोय तुमच्या गाडीत नाही. वरच्या मॉडेलला आहे. तुम्ही सगळ्यात स्वस्त मागितलीत ना?"

मग धरलं कुणी?

तसाच बियाकाकडे गेलो. हा आमच्या आळीतला डुकराचं मटण विकणारा, त्या दिवशी मागच्या टॅक्सीत होता. मटण कापता कापता, मान वर न करता म्हणतो, "धरली की. मी, टॅक्सीवाला, स्कूटरवरचा मास्तर आणि त्याची बायको. खांदा लावला चौघांनी. तिचं रविवारचं नेसायचं पुआन खराब झालं बिचारीचं, पार कमरेपर्यंत चिखल."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? पण झुआला, गाडी झकास घेतलीस हां. हलकी आहे. चौघांत धरते. त्या कंत्राटदाराच्या गाडीला आठ जण लागतात!"

लाज वाटली, आणि दुसऱ्या क्षणाला घाम फुटला. मागे कुणी नसतंच तर? घरी येऊन सासूबाईंना विचारलं, तर म्हणतात, "मला दिसत होते की ते. म्हणून तर गायले. ओझं पेलणाऱ्याला सूर हवा असतो, जावईबापू."

त्याच दिवशी किल्ली बायकोच्या हातात ठेवली. ती आठ दिवसांत शिकली. तिला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून तिच्या वाट्याचीही मीच बाळगतो. आता दर रविवारी पुढे ती आणि तिची बहीण, मागे सासूबाई आणि त्यांची मैत्रीण. पाच माणसांची गाडी म्हणून कागदावर छापलंय, ते काही खोटं नाही हो. चौघी आत बसतात, आणि पाचवा मी... सूट घालून, चाकामागे लावायला हातात दगड घेऊन, मागून चालत येतो.