गोबरगॅसच्या ट्रकात हिराला बसायचं होतं

माझा जन्म संगमनेरकडचा, शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर बरे होते म्हणून. ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तो दिल्लीत येऊन थांबलो, आणि नोएडा म्हणजे नुसते सेक्टरचे नंबर टाकलेला माळ होता तेव्हापासून मी तिथे गाडी चालवली, मग माळावर काचेच्या इमारती आल्या, इमारतींत साहेब आले, आणि साहेबांच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. बायको हिरा. गेली. मला तिचंच सांगायचंय, साहेब मधे मधे येतील, त्याला इलाज नाही.

काय सांगू तुम्हाला, आमची कंपनी माल पोचवणारी, तिथे एक पुण्याचा साहेब आला, मला काका काका करायचा आणि माझं नाव शेवटपर्यंत त्याला आलं नाही. म्हणाला काका, शेणाचा गॅस करायचा, तो साफ करून सिलिंडरमध्ये दाबून भरायचा आणि त्यावर ट्रक चालवायचा, डिझेल बंद, धूर बंद, आधी पानिपतपर्यंत नेऊन टेस्ट करू, गाडी तुम्ही चालवा. घरी सांगितलं तर हिरा पोट धरून हसली. तिच्या माहेरी गोबरगॅस होता, लहानपणी शेण कालवून हात कोपरापर्यंत बरबटलेले असायचे. म्हणाली अहो, म्हणजे माझ्या आईच्या शेगडीवर तुमचा ट्रक चालणार, मग मला बसवा एकदा, पानिपतपर्यंत न्या, वास येतो का ते मी सांगते. कंपनीच्या गाडीत बाई बसवत नाहीत, त्यामुळे जन्मभर मी ट्रक चालवला आणि ती कधी चढली नाही. आणि तेव्हा तिचं पोटाचं दुखणं सुरू झालेलं, डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलेलं की फार दिवस नाहीत.

टेस्ट म्हणजे काय, तर ट्रकात रेतीच्या गोण्या भरायच्या, पानिपतला जायचं, चहा प्यायचा आणि त्याच गोण्या परत आणायच्या. कुणाची साधी चादरसुद्धा पोचवायची नाही. आमचा धूर बघायला मागून साहेबांची मोठी गाडी, एसी लावलेली, डिझेलची, आणि धूर निघायचा तो तिच्यातूनच. गॅस आणणारा टेम्पोही डिझेलचा. टोलवरचा हरियाणवी विचारायचा ताऊ, पानिपत में रेत खत्म हो गई के? मी म्हणायचो भाई, रेत बहुत है, अकल खत्म हो गई. गाडीला मी नावं ठेवणार नाही, चढाला जरा सुस्त, पण डोळे चुरचुरायचे नाहीत. नावं ठेवतो ती माणसांना.

साहेबाला विचारलं, बायकोला बसवू का. म्हणाला काका, वजन ठरलेलं आहे, रीडिंग बिघडेल. म्हटलं मग एक गोणी उतरवा, तिचं वजन आता तेवढंही राहिलं नाही. तो हसला, त्याला वाटलं जोक आहे. म्हणाला टेस्ट संपली की मोठा कार्यक्रम आहे, काकूंना आणा, पहिली सीट त्यांची, बिल्कुल. ट्रक उंच असतो म्हणून हिरा पलंगाच्या कडेवर पाय टाकून चढायचं शिकायला लागली, एका हाताने खिडकीचा गज धरून. पण टेस्ट संपेना. थंडीतलं रीडिंग पाहिजे, मग धुक्यातलं, मग म्हणे पहिलं चुकलं, परत. ती विचारायची संपली का हो टेस्ट? मी म्हणायचो नाही अजून. मग तिच्याने पाय उचलवेना. होळीच्या आधी गेली.

कार्यक्रम नंतर झाला. मांडव, हिरवा झेंडा, समोसे. मोठ्या साहेबांची बायको फोटोसाठी केबिनमध्ये चढून बसली, इंजिन बंद आणि नाकाला रुमाल. पुण्याचा साहेब म्हणाला अरे काका, काकू नाही आल्या? म्हटलं गेली. म्हणाला कुठे, गावाला?

मी चावी त्याच्या हातात ठेवली आणि घरी आलो.

आता मयूर विहारला मुलाकडे असतो. सून मोबाइलवर माल मागवते, कधी तसलाच ट्रक गेटवर येतो, धूर नाही, काही नाही. चालवणारा कुणीतरी यूपीचा असतो, म्हातारा बघून राम राम करतो. ट्रकशी माझं वाकडं नाही, चालो बापडा. त्या ड्रायव्हरला मी एवढंच सांगतो, बेटा, घरवाली कभी बैठना चाहे तो बैठा लेना, साहब से मत पूछना.