भैरू आप्पांच्या विहिरीतले मासे

जमलेल्या मंडळींनो, आप्पांच्या कारभारीण आक्का, सोसायटीचे चेरमन अण्णा,

मला सभेत बोलायची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून लिहून आणलं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

भैरू आप्पांसाठी आज सगळी कोगनोळी आली. पण मंडळी, आप्पा होते तेव्हा त्यांच्या हातचं पाणी कोण पीत होतं?

बहात्तरच्या दुष्काळानंतर आपण हायवेपासून त्यांच्या विहिरीपर्यंत चर खोदला. नारळ फोडला. डांबरावरचं पावसाचं पाणी वाया न जाता विहिरीत उतरावं, एवढाच विचार. एकटे आप्पा नको म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात विहिरीतले मासे उलटे तरंगले. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आप्पांनीच सोडलेले मासे. तेव्हा आपण काय म्हणालो? "म्हाताऱ्यानंच कायतरी टाकलंय. आपलं खरं करायला."

दर साली आप्पांनी सोडलेले नवे मासे. दर साली पाऊस. दर साली मेलेले मासे. दर साली आप्पांवर संशय.

आप्पांचा संशय रस्त्यावर होता. नाक्यावर ट्रक करकचून थांबतात. चरातला काळा गाळ चिमटीत धरून ते मला म्हणाले, "चोळून बघ रं."

"डिझेल असंल, आप्पा."

"तेल वर तरंगतंय. ह्ये बुडाला बसतंय. नवा टायर येतोय, टकला हून जातोय. मधलं रबर जातंय कुठं? सरगात?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या रबरात काय असतं, मला माहीत नाही. त्यानंच मासे मरतात, हेही मी छातीठोक सांगणार नाही. पण आप्पांनी विष टाकलं, हे तुम्ही छातीठोक कसं सांगत होता?

आप्पांना अग्नी दिला, त्यानंतर पाऊस झाला. मोठा झाला. चर भरून वाहिला. काल सकाळी मी विहिरीवर गेलो.

मासे तरंगत होते.

आता कुणी टाकलं, चेरमन अण्णा? बोला की. आता कुणाचं नाव घ्यायचं?

मी ते मासे काढलेले नाहीत. मुद्दाम. श्रद्धांजलीसाठी इथं उभं राहू नका. विहिरीच्या काठावर चला. खोरी घेऊन चला, चर आजच बुजवू. पण आधी आक्कांना पुढं उभं करू आणि खाली पाण्याकडे बघत सगळे गप्प राहू.

आप्पा, रामराम.