ठेसनाचा सीन

मी मूळची केम गावची. आमचं रान रेल्वेच्या कडंला व्हतं, ज्वारी राखायला मी बांबूच्या उंच माळ्यावर बसायची, आन् गाडी आली की गोफण खाली ठेवायची. एकेका खिडकीत एकेक माणूस दिसायचं, कुणी लेकराला पाजतंय, कुणी भाकरी खातंय, कुणी नुसतंच बघतंय, आन् खिडकी गेली की माणूस गेलं, पुढं त्याचं काय झालं ते कळायचं न्हाय. मग मी आपली मनानंच पुढचं लावायची. ती बाई घरी पोचली असंल, तिच्या लेकराचा ताप उतरला असंल, असं. काय सांगू तुला पोरी, ही खोड तवापासनंची हाय, आन् ह्या खोडीनंच घात केला.

सिनेमा पयला बघितला जत्रंत, तंबूत. तवा बापय पडद्याच्या म्होरं बसायचे आन् बायका मागच्या अंगाला. चित्र मागनंबी दिसायचं, पर उलटं. सगळी माणसं डावरी. राजा डाव्या हातानं तलवार काढायचा, बाई डाव्या हातानं कुंकू लावायची. आमाला वाटायचं सिनेमातली माणसं असतातच डावरी. लगीन होऊन सोलापुरात आले, हे मिलमधी व्हते, भवानी पेठंत खोली, आन् पयल्यांदा थेटरात म्होरनं सिनेमा बघितला तवा मी ह्यांना म्हणलं, अहो, ही तर उजवी हायती की. हे एवढं हसले, सगळ्या चाळीला सांगत सुटले, आमच्या बायकोनं आज सिनेमा सुलटा बघितला म्हणून.

मग मी विड्या वळायच्या कामाला लागले. तुझी आई बी आमच्यातच बसती, तुला ठावंच हाय सगळं, पर तू लिहितीस तर सांगते. पत्र्याची शेड, खाली पोत्याचं बसकार, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आन् भिजवून कापलेली पानं. पंधरा-वीस जणी, निम्म्या तेलुगू. डोकं रिकामं असतं, हात तेवढे चालतात. म्हणून आमच्यात पयल्यापासनं रीत हाय की एकीनं सिनेमा बघून यायचं आन् बाकीच्यांना सांगायचं. सांगणारीचे हात मागं पडतात, हातवारे करायला लागतात की, मग तिचा दिवस बुडू नये म्हणून प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या चार चार विड्या तिच्या सुपात टाकायच्या. सीन आवडला तर मूठभर. न्हाय आवडला तर नरसक्का म्हणायची, चारच घे, आन् उद्या चांगला बघून ये.

नरसक्का आमच्यात मोठी. तोंड लई तिखट. एकदा मी सांगत व्हते, हिरवीण पलंगावर पडून रडती, मग जिन्यात रडती, मग बागंत रडती, तर नरसक्का पान कातरता कातरता म्हणली, अय्यो, ही बाई रडत्या का कांदे चिरत्या? सगळ्या हसल्या. पर मला त्यातनं एक कळलं. बाई रडली की आमच्या बायकांचे हात चालूच राहतात. रडू आवरून धरलं की थांबतात. हात थांबला म्हणजे सीन बसला. ह्येच माझं माप.

एक सीन मला अजून आठवतो. म्हातारीचा ल्योक लढाईवर गेल्याला असतो. ती रोज दोन ताटं वाढती, एक त्याचं. पोस्टमन तार घेऊन येतो, हिला वाचता येत न्हाय. ती म्हणती, वाच बाबा. त्यो तारंकडं बघतो, ताटाकडं बघतो, तार खिशात घालतो आन् मुकाट्यानं त्या ताटावर जेवाया बसतो. बस, एवढंच. मी हे सांगितलं आन् सगळ्यांचे हात थांबले, बाहेरच्या टांग्याचा घुंगरू ऐकू आला. का बसला हा सीन? कारण की मेला मेला असं कुणी म्हणलंच न्हाय. जे सांगायचं ते ताटानं सांगितलं. शिकल्याली न्हाय मी, पर येवढं मला कळायचं.

काय? व्हय, विचार की, अडखळतीस कशाला. कमळचंच विचारतीस न्हवं? तुझ्या आईनं सांगितलं असंल. सांगते. सांगायचंच हाय.

कमळ माझ्या शेजारची, दौंडाकडची. लग्नाला दोन वर्सं झाली असतील, आन् दोन वर्सं तिचा नवरा तिच्याशी बोलत नव्हता. लग्नात मानपानावरनं कायतरी बिनसलं, त्यो जो गप झाला तो झालाच. मारायचा न्हाय, उपाशी ठेवायचा न्हाय, लूमवर चादरी विणायचा, घरी यायचा, आन् भिंतीला सांगायचा, आज भात नको म्हणावं. भिंतीला. गल्लीत मातूर सगळ्यांशी हसून बोलायचा. मारलं तर माणूस चार लोकं गोळा करील, पर बोलत न्हाय ह्याची फिर्याद कुणाकडं करायची? मी एकदोनदा त्याला म्हणलं, अरे, असं का करतोस? तर म्हणायचा, काय केलं मावशी मी? खरंच की, काय केलं त्यानं? शेडमधी कमळ माझ्या उजव्या अंगाला बसायची. हात लई चलाख, पर बोलणं कमी. घरी सवय मोडली असंल.

तवा त्यो सिनेमा आला. नाव न्हाय घेत मी त्याचं. त्यात असाच एक नवरा, बायकोवर रुसल्याला. ती बाई शेजारणीजवळ निरोप ठेवती की मी दुपारच्या गाडीनं चालले, यायचं तर या, आन् ठेसनावर जाऊन बाकावर बसती. शेजारी आपलं गाठोडं ठेवती. जागा धरती त्याच्यासाठी. घड्याळ दिसतं. च्यावाला येतो, रिकामा कप घेऊन जातो. गर्दी वाढती, लोकं जागा मागतात, ती म्हणती, बसलंय कुणीतरी, येतोय. परत घड्याळ. गाडी येती, ती चढत न्हाय. गाडी जाती. मग दुसऱ्या गाडीची माणसं यायला लागतात, आन् एक म्हातारा इचारतो, बाई, हितं कुणी बसलंय का? ती फाटकाकडं बघती. मग गाठोडं उचलती आन् मांडीवर घेती. म्हणती, न्हाय. कुणी न्हाय.

खलास. पोरी, थेटरात इंटरवलची शेंग माझ्या हातातच राहिली. रडली न्हाय ती. गाठोडं उचललं, बस.

दुसऱ्या दिवशी मी सांगायला घेतलं. सगळं सांगितलं, बाक, कप, घड्याळ. आन् गाडी आली हितपर्यंत आले तर माझं ध्यान कमळकडं गेलं. तिचा हात कवाच थांबला व्हता. पान तसंच हातात, दोरा तसाच दातात, आन् डोळे माझ्या तोंडाला लागल्याले. जसं काय मी आता सांगीन तसंच होणार हाय. पोरी, त्या डोळ्यांम्होरं मी कसं म्हणू की त्यो आला न्हाय? मी म्हणलं, ती गाडीत चढली. दारात उभी राहिली. शिट्टी झाली, गाडी हलली, आन् गाडी हलल्यावर त्यो फाटकातनं पळत आला. एका पायात चप्पल न्हाय, सदऱ्याची गुंडी खालीवर. आन् पळता पळता तिच्या नावानं हाक मारली. दोन वर्सांत पयल्यांदा.

सिनेमात दोन वर्सं कुटली? ती बी मीच घातली.

सगळ्यांचे हात थांबले. नरसक्कानं पदरानं डोळे पुसले, नरसक्कानं! आन् मला मुठी मुठी विड्या पडल्या, सूप भरून सांडलं. खरा सीन सांगितला असता तर येवढ्या पडल्या असत्या का कुणास ठाऊक. मला बी चेव चढला. मग कमळ रोज म्हणायची, मावशी, ठेसनाचा सांगा की. मी सांगायची, आन् रोज थोडं वाढवायची. एक दिवस त्याचा गुडघा फुटला, एक दिवस हमालानं त्याला वाट करून दिली. रानातल्या माळ्यावर बसून खिडकीतल्या माणसांचं लावायची तसंच.

महिना गेला असंल. एक दिवस सकाळी मी डबा बांधत व्हते, तर दारात कमळ. लग्नातलं लुगडं नेसल्याली, काखंत गाठोडं. म्हणली, मावशी, मी ठेसनावर चालले. दुपारच्या गाडीनं भावाकडं जाते असं लूमवर निरोप तेवढा सांगा. मला वाटलं चेष्टा करती. मग गाठोडं बघितलं आन् माझ्या हातातनं डबा पडला. मी म्हणलं, अगं, येडी का खुळी तू? तर हसली. तुमी फकस्त सांगा, म्हणली, आन् गेली बी.

मी लूमवर गेले. तितं येवढा खडखडाट की वरडून सांगावं लागलं, अरे, कमळ चालली, ठेसनावर बसलीया, जा. त्यानं ऐकलं. तेवढ्यात त्याचा धागा तुटला. त्यानं लूम थांबवला, गाठ मारली, बोटानं ओढून बघितली, आन् लूमकडंच बघत म्हणला, जायचं तर जा म्हणावं. मी त्याचा हात धरला, मी पाया पडले त्याच्या, आईच्या वयाची बाई मी. त्यो म्हणला, मावशी, धागे तुटतात, सोडा. आन् लूम चालू केला.

तशीच पळत ठेसनावर. फलाटावर बाकावर ती बसलीवती. शेजारी गाठोडं. मी गाठोडं सरकवून बसाया गेले तर म्हणली, मावशी, तुमी हिकडच्या अंगाला बसा.

मी बसले तिच्या डाव्या अंगाला. म्हणलं, कमळ, चल घरी. त्यो येत न्हाय. ती म्हणली, आता कसा येईल, अजून गाडी कुटं हलली? मी तिचे दोन्ही हात धरून म्हणलं, कमळ, मी खोटं सांगितलं. सिनेमात त्यो आलाच न्हाय. ती बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली, बस. चप्पल, गुंडी, हाक, सगळं माझ्या मनाचं. तुझी शप्पथ.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लेकराकडं बघतात. म्हणली, मावशी, तुमी मला परत न्यायला असं म्हणताय. तुमी सांगितलं तवा सगळ्यांचे हात थांबले व्हते की. नरसक्काचा बी. खोटं असतं तर थांबले असते का?

ते माप माझंच. मीच सगळ्यांना सांगत फिरायची, हात थांबला की सीन बसला. मला काय ठाऊक की खोट्यानं बी हात थांबतात, उलट जास्तच थांबतात.

गाडी आली. मी तिला ओढलं, तिनं हळूच हात सोडवला. चढली. दारातच उभी राहिली, दांडा धरून, फाटकाकडं बघत. शिट्टी झाली. गाडी हलली, आन् गाडी हलली तशी ती हसली. आता यायची येळ झाली न्हवं. काय सांगू तुला, मी बी फाटकाकडं बघितलं. मीच केल्याला माणूस, आन् मीच त्याची वाट बघत व्हते. एक पाय अनवाणी, गुंडी खालीवर. फाटकात एक हमाल तेवढा विडी वढत उभा व्हता.

डबे गेले एकामागं एक. शेवटपर्यंत तिचं तोंड दारात व्हतं.

नंतर हे दौंडाला जाऊन आले. भाऊ म्हणला, आठ दिस व्हती, एका शब्दावरनं निघून गेली, कुटं ते सांगून न्हाय गेली. आमी इचारायचं ते इचारलं, शोधायचं तितं शोधलं. नवऱ्यानं वर्सभरात दुसरी केली. तिच्याशी चांगला बोलतो. दारावरनं जाताना ऐकू येतं, दोघं हसत असतात. मी कुणाला बोल लावू? त्याला लावू? मला लावू?

मागल्या साली त्यो सिनेमा परत लागला, मॅटिनीला. मी ह्यांना न सांगता एकटी गेले. का गेले कुणास ठाऊक. बाक आलं, कप आला, घड्याळ आलं. सगळं जिथल्या तिथं. आन् त्यो म्हातारा इचारतो, बाई, हितं कुणी बसलंय का, तवा माझ्या तोंडातनं मोठ्यानं गेलं, बसलंय, येतोय त्यो! बायका हसल्या. एक म्हणली, आजी, तुमच्यासाठी आता सिनेमा बदलायचा का? पडद्यावरच्या बाईनं गाठोडं उचललंच. मी येवढी वरडले तरी उचललं.

आता मी सिनेमा सांगते तर जसा हाय तसा सांगते. चारच विड्या पडतात, पडू दे. कमळ कुटं असंल तितं तिला कुणीतरी बोलणारं असू दे, येवढंच मी रोज म्हणते, आणखी माझ्या हातात काय हाय? ती बसायची ती जागा मी धरून ठेवल्याली, माझ्या उजव्या अंगाला. तितं माझं मोकळं सूप ठेवायची, कुणी आलं तर म्हणायची, बसतंय कुणीतरी. नरसक्का बी मग त्या पोरीला दुसरीकडं जागा करून द्यायची.

परवा एक नवी पोर आली कामाला. लई गर्दी, कुटं जागा न्हाय. माझ्याजवळ येऊन उभी राहिली, म्हणली, मावशी, हितं कुणी बसतं का?

मी दाराकडं बघितलं. मग सूप उचललं आन् मांडीवर घेतलं.